लिफ्टवाल्याच्या हाती चार्ट

...नाही, पण मी म्हणतो, होतं तिथं ठेवायला काय धाड भरली होती?

हे माझं वाक्य नाही बरं का! हे आमच्या चार्टमास्तरांचं. सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी ते पहिल्यांदा म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत, तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वेळा म्हणाले. मोजलं कुणी? मी मोजलं! शेजारच्याच टेबलावर बसतो मी, माझ्याही कंप्युटरवरचं सगळं हरवलेलं, मग माणूस दुसरं काय करणार, मोजत बसलो.

म्हणजे बघा, शनिवारी संध्याकाळी मास्तर कंप्युटर बंद करून घरी गेले, सगळं ठाकठीक. सोमवारी येऊन उघडतात तर... आपण आपल्याच घरी यावं, कुलूप उघडावं आणि स्वयंपाकघराच्या जागी न्हाणीघर असावं! बरं, मग न्हाणीघराच्या जागी काय? काही नाही! भिंत! आणि भिंतीवर लिहिलेलं, 'तुमच्यासाठी आम्ही काहीतरी नवं आणलंय!' अहो, मागितलं कुणी? हेड ऑफिसनं म्हणे रविवारी सगळ्या मशिनींवर नवी आवृत्ती चढवली. पूर्वी वरच्या पट्टीत शब्द होते, स्वच्छ, चष्मा न लावता वाचता येतील असे शब्द. ते गेले. चित्रं आली. एक बादली, एक खिळा, एक ढग, ढगातून वर निघालेला बाण. मास्तर म्हणाले, "हे हॉस्पिटल आहे की हवामान खातं?" आणि प्रिंट? प्रिंटचं बटण डावीकडून तिसरं. एकवीस वर्षं डावीकडून तिसरं! फोनवर बोलता बोलता, खिडकीबाहेर बघता बघता मास्तर प्रिंट द्यायचे, बोट आपलं आपण जायचं. त्या दिवशी बोट गेलं डावीकडून तिसऱ्यावर आणि सगळा कागद निळा झाला. निळा! होतं तिथं ठेवायला काय धाड भरली होती?

आता तुम्ही म्हणाल, एका बटणासाठी एवढा जीव काढायचा? तर आधी मास्तर म्हणजे कोण ते ऐका. आमच्या हॉस्पिटलात अकरा वॉर्ड, एकशे अडुसष्ट नर्सा, तीन पाळ्या. कुणी सकाळी यायचं, कुणी दुपारी, कुणाची रात्र, कुणाची रजा, हा पंधरा दिवसांचा ड्युटी चार्ट मास्तर बनवायचे. त्या चार्टात जे लिहिलं ते ब्रह्मवाक्य. सर्जन एकवेळ बदलेल, चार्ट बदलायचा नाही. मास्तरांच्या टेबलापुढं एक छोटी खिडकी आहे, त्या खिडकीला सकाळपासून रांग. "मास्तर, एवढा माझा बुधवार बघा ना," "मास्तर, मुलीची परीक्षा आहे हो," आणि मास्तर? मान वर नाही करायचे. कीबोर्डवर बोटं चालू, आणि फक्त म्हणायचे, "ब-घ-तो." अहो, त्या 'बघतो'ला काय वजन होतं! मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सांच्या वर असतात त्या, भल्याभल्या डॉक्टरांना उभं करत नाहीत, त्यासुद्धा म्हणायच्या, "मास्तर, तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर हॉस्पिटलच आजारी पडेल."

आणि मास्तरांची बायकोही इथंच नर्स. लहान मुलांच्या वॉर्डात. म्हणजे तिची पाळी ठरवायची मास्तरांनी. आता मास्तर पडले तत्त्वाचे! आपली बायको म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून रविवार आला की वहिनींना ड्युटी, कुणी रजेवर गेलं की त्या जागी वहिनी, रात्रपाळीला कुणी मिळेना की वहिनी. एकवीस वर्षं! सगळे म्हणायचे, काय निःस्पृह माणूस! वहिनी काय म्हणायच्या ते कुणी विचारलं नाही. मास्तरांनी तर नाहीच.

हां, तर नव्या आवृत्तीचं शिकवायला कंपनीची एक बाई आदल्या शुक्रवारी येऊन गेली होती. तासाभराचा वर्ग. मास्तर गेले नाहीत. "मला शिकवणार? ही? मी चार्ट बनवायला लागलो तेव्हा ही दुधाच्या बाटलीवर होती!" पण गेलं कोण सांगू? लिफ्टवाला! अहो, खरंच! आमच्याकडं जुनी लिफ्ट होती ना, जाळीच्या दाराची, ती तीन महिन्यांपूर्वी काढली आणि आपोआप चालणारी बसवली. मग तीस वर्षं तिच्यात स्टुलावर बसलेल्या माणसाचं करायचं काय? निवृत्तीला दोन वर्षं बाकी, मास्तरांपेक्षा वयानं मोठा. दिला पाठवून आमच्या ऑफिसात. कोपऱ्यातलं टेबल, पाकिटांवर तिकिटं चिकटवायची. वर्गात खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं, तुम्हीही जाऊन बसा. तो जाऊन बसला. पहिल्या रांगेत! त्या बाईनं म्हटलं, "घाबरायचं नाही, जे चित्र दिसेल ते दाबून बघायचं," आणि याला ते इतकं पटलं... पटणारच की! तीस वर्षं दुसरं केलं काय होतं त्यानं?

चार्ट लावायचा असतो दर दुसऱ्या गुरुवारी, पाचच्या आत. सोमवार गेला, मंगळवार गेला, मास्तर एकेक घर चाचपडत भरताहेत. बुधवारी तळघरात कंप्युटर दुरुस्त करणारा बसतो त्याच्याकडं गेले. "माझं जुनं परत दे." तो म्हणाला, "मास्तर, मागं नाही जाता येत. एकदा झालं ते झालं. हळूहळू सवय होईल, आवडायलाही लागेल." मास्तर म्हणाले, "तू माझं लग्न लावून देतोयस का?"

आणि गुरुवार उजाडला. साडेचार वाजता चार्ट होत आला. शेवटच्या एका सिस्टरच्या रविवारपुढं मास्तरांनी 'रजा' लिहिलं. बस्स, एवढंच. पण त्या नव्या प्रोग्रामला मदतीची भारी हौस! खालून एक चिठ्ठी वर आली, 'बाकीची घरंही अशीच भरू का?' मास्तरांना वाटलं, नेहमीप्रमाणं 'सेव्ह करू का' विचारतंय. तीच जागा, तसाच चौकोन! एकवीस वर्षांच्या सवयीनं दाबलं 'होय'. प्रिंट मी शोधून दिलं. म्हणजे मी नुसता ढगावर टेकलो आणि ते बाहेर आलं. पावणेपाचला शिपायानं चार्ट फळ्यावर लावला, मास्तरांनी हुश्श केलं, चहा सांगितला...

चहा यायच्या आत बाहेर आरडाओरडा! रडारड नाही, आनंदाचा आरडाओरडा! खिडकीत दहा डोकी. "मास्तर, थँक्यू!" "मास्तर, तुम्ही देवमाणूस!" मास्तरांची छाती, तुम्हाला सांगतो, अशी फुगली... आणि मागून मेट्रनबाई आल्या. आवाज अगदी मऊ. मेट्रनबाईंचा आवाज मऊ झाला की आम्ही टेबलाखाली काय पडलंय ते शोधायला लागतो.

"मास्तर, रविवारी हॉस्पिटलात कोण कोण आहे?"

"सगळेच की, मॅडम."

"सगळे रजेवर आहेत. एकशे अडुसष्ट. तर असं करू, अकरा वॉर्ड मी सांभाळते, ऑपरेशन थिएटर तुम्ही बघा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बसले खुर्चीवर, केलं ते मागं घ्यायचं बटण शोधायला लागले, ते होतं तिथं नाही. होतं तिथं ठेवायला काय धाड भरली होती! घाम फुटला, चष्मा नाकावरून घसरला, घड्याळात पाचला चार कमी, मेट्रनबाई डोक्यावर उभ्या. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, लिफ्टवाल्याचा, हाताला लागलेला डिंक पुसत पुसत, "मॅडम, मी बघू का? उजवीकडं वर, मागं वळलेला बाण आहे, तो दाबला की माणूस खालच्या मजल्यावर येतो, असं त्या बाई म्हणाल्या होत्या... म्हणजे मजल्यावर असं नाही म्हणाल्या, पण तसंच काहीतरी."

आला. एक बोट. एक बाण. टिक! एकशे सदुसष्ट रजा गेल्या! दुसरं चित्र, टिक, कागद बाहेर! पाचला दोन मिनिटं कमी असताना चार्ट फळ्यावर.

मेट्रनबाई त्याच्याकडं अशा बघत राहिल्या, जसं एकवीस वर्षांत मास्तरांकडं कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "पुढचा चार्ट तुम्हीच करा हो. मास्तरांनाही जरा आराम."

आराम! अहो, तो शब्द मास्तरांच्या काळजात असा घुसला की विचारू नका. तो माणूस तरणाबांड असता तर मास्तर म्हणाले असते, पोरांचं काय, पोरांना जमतं. शिकलेला असता तर म्हणाले असते, डिग्री आहे बाबा. पण हा? डोक्यावरचे केस मास्तरांपेक्षा पांढरे, चष्मा मास्तरांपेक्षा जाड, आणि कंप्युटरशी ओळख सहा दिवसांची! जळायला काही निमित्तच ठेवलं नाही हो त्यानं, नुसतं जळायचं!

आणि मास्तर जळले. पुढचा चार्ट लागला त्या गुरुवारी पाऊण तास फळ्यापुढं उभे. चुका शोधायला. पूर्वी चार्ट लागला की संध्याकाळपर्यंत त्यावर पेनानं खाडाखोड व्हायची, ही हिच्याशी बदलते, ती तिच्याशी. या चार्टावर एक रेघ नाही! का? तर सांगतो का ते. तीस वर्षं लोक लिफ्टमध्ये या माणसासमोर बोलत होते, तो लिफ्टचाच एखादा खिळा असल्यासारखे. कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला घ्यायला नवरा किती वाजता येतो, सगळं याला पाठ! भांडणाऱ्या दोघी कधी एका पाळीत नाहीत, ज्यांचं जमतं त्या एकत्र. मास्तर प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत गेले, अकराव्या वॉर्डापर्यंत, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. सापडली! 'अतिदक्षता विभाग'मधला 'ति' दीर्घ! तडक मेट्रनबाईंकडं. "मॅडम, चार्टात गंभीर चूक आहे." मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या. मास्तरांनी सांगितली. मेट्रनबाई बसल्या. म्हणाल्या, "बरं."

'बरं'! एवढंच. आणि खिडकीपुढची रांग? ती हलली की! कोपऱ्यातल्या टेबलाकडं. "काका, माझा बुधवार बघाल?" आणि काका काय करायचे? मान वर करायचे! खुर्ची पुढं ओढायचे! "बसा ना सिस्टर. कुठं जायचंय, सकाळ की दुपार?" मास्तर माझ्या कानात म्हणाले, "रांग होती तिथं ठेवायला काय धाड भरली होती?" मी म्हटलं, मास्तर, रांगेचं तरी कुणी अपग्रेड केलेलं नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग तो मंगळवार. मास्तर फाईल घेऊन बाहेरून येत होते, दारातच थांबले. लिफ्टवाल्याच्या टेबलापुढं खुर्चीवर कोण बसलेलं? वहिनी! स्वतःच्या नवऱ्याच्या टेबलाला वळसा घालून! आणि हसत होत्या. हसत! मास्तर मला म्हणाले, "काय बोलत होते रे?" मी म्हटलं, ऐकलं नाही. "तू शेजारी बसतोस आणि ऐकलं नाहीस? मग बसतोस कशाला?"

संध्याकाळी घरी... हे सगळं मास्तरांनीच मला नंतर सांगितलं बरं का, एकेक शब्द, दोनदा. घरी गेले, जेवायला बसले, भाजीकडं बघत म्हणाले, "आज आमच्या ऑफिसात आली होतीस."

"हो."

"लिफ्टवाल्याकडं."

"चार्ट तेच करतात ना आता?"

"काय मागितलंस?"

"मी काही मागितलं नाही. त्यांनीच बोलावलं होतं. विचारलं, तुम्हाला कुठली पाळी सोयीची."

"मग? त्यात हसण्यासारखं काय होतं?"

वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "हसू नको तर काय करू? एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारलं. आणि मला उत्तरच येईना! 'सांगते उद्या' म्हणून उठले. एका घरात राहतो आपण, अहो. चार्ट करणारा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता."

मास्तर भांडायला काहीतरी हवं म्हणून म्हणाले, "मी नियमानं चालत होतो."

"हो ना. तुमच्या नियमाखाली कोण होतं? मी."

त्या रात्री झोप नाही लागली म्हणाले. आधी लिफ्टवाल्याचा राग आला, मग वहिनींचा, मग नव्या प्रोग्रामचा, आणि सगळे राग करून झाले तेव्हा जो उरला तो कुणाचा होता हे, म्हणाले, त्यांना अंधारातसुद्धा नीट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तर उठले. स्वतःची खुर्ची उचलली, ढकलत नाही, उचलून, कोपऱ्यापर्यंत नेली, आणि लिफ्टवाल्याच्या शेजारी ठेवून बसले. सगळं ऑफिस घास तोंडात धरून बघतंय. मास्तर भिंतीकडं बघत म्हणाले, "ते... प्रिंट. कुठं ठेवलंय म्हणे?"

आणि लिफ्टवाला, तुम्हाला सांगतो, जराही हसला नाही. कुणी चुकून भलत्याच मजल्यावर उतरलं तर जसा अदबीनं बोलायचा, तसाच बोलला. "बसा मास्तर. आधी सांगा, कुठं जायचंय? प्रिंटला ना? मग हे तळमजल्याचं दार. इथून सुरुवात. हं, आता वर चला. अहो, दोनदा नका दाबू! एकदा दाबलं की येतं, जरा थांबायचं असतं." मास्तर दाबतात, चुकतात, सगळं निळं होतं, तो म्हणतो, "होऊ द्या निळं, बाण आहे ना." मास्तर चिडले, "तुम्हाला कसं आलं हो सहा दिवसांत? मला दीड महिन्यात येईना!" तो म्हणाला, "मला जुनं कुठं येत होतं मास्तर? माझी पाटी कोरी. तुम्हाला आधी एकवीस वर्षं पुसायला लागणार, मग लिहायला. जड काम तुमचंच आहे."

मग तोच हळूच म्हणाला, "एक सांगू? मी रोज चार मजले जिन्यानं चढून येतो. गुडघे कुरकुरतात, तरी."

"का? लिफ्ट आहे की नवी!"

"म्हणूनच. ती बाई बोलते ना आतून, 'दार बंद होत आहे'... माझं स्टूल होतं बरोबर तिथून बोलते हो ती! आणि मास्तर, मजल्याला अशी थांबते, अशी, उंबऱ्याला उंबरा! माझी कधी दोन बोटं वर, कधी दोन बोटं खाली. तीस वर्षांत एकदासुद्धा बरोबर थांबली नाही. बघवत नाही मला."

तुम्हाला सांगतो, मास्तरांचा चेहरा बघायला हवा होता! दीड महिन्यात पहिल्यांदा गार वाटलं त्यांना. इतकं बरं वाटलं की स्वतःचा अर्धा डबा त्याच्यापुढं सरकवला. म्हणाले, "बेकार असतात हो असल्या बायका." आणि मग दोघं मिळून त्या लिफ्टमधल्या बाईला, जिनं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं, सुट्टी संपेपर्यंत नावं ठेवत बसले.

पुढच्या खेपेला लिफ्टवाला स्वतः मेट्रनबाईंकडं गेला आणि म्हणाला, एकट्यानं अकरा वॉर्ड मला झेपत नाहीत, पाच मास्तरांना द्या. झेपत होते हो, चांगले झेपत होते! पण दिले पाच. त्यात लहान मुलांचा वॉर्ड आला. मास्तर खूश? छे! मला म्हणाले, "सहा त्याला आणि पाच मला? होते तेवढे माझ्याकडं ठेवायला काय धाड भरली होती?" पण म्हणताना आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेले ते कागद आणि पेन घेऊन. वहिनींसमोर खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला, आणि अगदी ऑफिसात विचारावं तसं म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कुठली पाळी सोयीची?" डोळे भरून आले होते म्हणाले, कुणाचे ते सांगितलं नाही. मनात तयारीही केली होती, सकाळची म्हणेल, रविवार सुट्टी म्हणेल, दोन्ही रविवार देऊन टाकायचे, जग काय म्हणायचं ते म्हणू दे!

वहिनींनी विचार केला. म्हणाल्या, "रात्रीची."

"रात्रीची? अगं, एकवीस वर्षं रात्रपाळीवरून तू माझ्याशी..."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा तुम्ही घरी आलात की जेवून झोपायचात. आता दीड महिना झाला, दिवा मालवला की तुमचं सुरू होतं, तो ढग, ती बादली, तो खिळा, तो लिफ्टवाला. अहो, वॉर्डात पंचवीस पोरं असतात, पण औषध दिलं की गप्प तरी होतात!"

मास्तरांनी कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या नावापुढं पाळ्या भरायला बसले. नव्या आवृत्तीत रात्रपाळीला शब्द नाही, चंद्राची कोर आहे. मी म्हटलं, आता पुन्हा शोधाशोध, उठतो आपण मदतीला... तोवर यांना सापडलीसुद्धा! लिफ्टवाल्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही, पहिल्या झटक्यात. पंधरा वेळा दाबली. मी म्हटलं, "वा मास्तर, जमलं की!"

तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "न जमायला काय झालं? बाकी सगळं लपवून ठेवलंय लेकाच्यांनी, पण बायकोला घराबाहेर काढायचं बटण बघा, कसं ढळढळीत समोर ठेवलंय."